पहारेकऱ्याच्या वहीतलं पान

पिनर, लंडन, १४ सप्टेंबर २०२५

अंशुमन,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. व्हॉट्सॲपवर मीच तुला ब्लॉक केलं आहे आणि फोनवर तू मूग गिळून बसतोस, म्हणून कागद. सेकंड क्लासच्या धिम्या टपालाने पाठवते आहे, कारण घाई मला नाही, तुला असायला हवी.

बाबांचं वर्षश्राद्ध झालं. तुला बोलावलं नाही हे कळलंच असेल. गुरुजींनी विचारलं, मुलगा कुठे असतो? मी म्हटलं, केंब्रिजला, कामात आहे. सख्ख्या भावाला बापाच्या श्राद्धाला का बोलावलं नाही, हे परक्या माणसाला सांगत बसायची माझी तयारी नव्हती. तुला मात्र सांगते.

बाबांना आफ्रिकेला नेऊ नको असं मी तुला तीनदा बजावलं होतं. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, हृदयाचं दुखणं, आणि तू त्यांना जीपमध्ये घालून खाचखळग्यांतून हिंडवणार. पण तुम्हा बापलेकांचं आधीच ठरलेलं. चाळीस वर्षं सातारा जिल्ह्यात गुरांचे डॉक्टर म्हणून काढलेल्या माणसाचं म्हणणं एवढंच होतं की, "आयुष्यभर दाव्याला बांधलेली म्हैस बघितली, एकदा मोकळी बघू दे." यावर तू हसलास आणि टांझानियाची तिकिटं काढलीस. माझा संसार अर्ध्यावर टाकून उदय गेला, तेव्हापासून बाबा सहा वर्षं माझ्याकडे राहत होते. त्यांची पथ्यं, गोळ्या, हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट्स मी बघायच्या, आणि हौस पुरवायला तू.

असो. गेल्या वर्षी २४ ऑगस्टला, शनिवारी, सेरेंगेटीत नेमकं काय झालं हे तू मला एकदाच सांगितलंस, तेही तुटक. मी ते त्याच संध्याकाळी लिहून ठेवलं. तीस वर्षं हॅरोच्या शाळेत परीक्षांचं काम बघितलं आहे. कोण काय म्हणालं ते लगेच लिहून ठेवायचं, हे अंगवळणी पडलेलं आहे. तुझं म्हणणं असं: आदल्या दिवशीच्या धक्क्यांनी बाबा थकले होते. ते म्हणाले, तू जा, मी तंबूपुढे खुर्ची टाकून बसतो. तू सकाळी सहाला जीपमधून जनावरं बघायला गेलास. साडेआठच्या सुमारास जीपच्या रेडिओवर निरोप आला की म्हातारबाबा पडले. दहाला तू कॅम्पवर पोचलास. साडेअकराला डॉक्टरचं छोटं विमान उतरलं, पण अकरालाच, तुझ्या मांडीवर, बाबा गेले.

आता माझं म्हणणं. त्याच सकाळी, इथले सहा म्हणजे तिथले आठ, बाबांचा मला फोन आला होता. ठणठणीत होते. रानम्हशींचा कळप बघितला म्हणाले, शिंगं मोजता मोजता थकलो म्हणाले. हे मी त्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं आहे. मग आठला हसत बोलणारा माणूस साडेआठला कोसळतो कसा?

कोसळतो, असं डॉक्टर म्हणतील. मग हे सांग: तिथले अकरा म्हणजे इथले सकाळचे नऊ. मला तू फोन केलास संध्याकाळी पाचला. मधले आठ तास तू काय करत होतास? आणि एडिनबराला तनिषाच्या नव्या फ्लॅटचं सामान लावायला गेलेली तुझी बायको स्वराली, चाकांची बॅग ओढत, नेमकी पाचला माझ्या दारात कशी उभी राहते? ती आत आली, कोटही न काढता माझ्याशेजारी बसली, आणि फोन वाजला. हे सगळं आधी जुळवल्याशिवाय होत नाही, अंशुमन. तुम्ही दोघांनी काय सांगायचं आणि काय नाही, हे त्या आठ तासांत ठरवलंत.

आणखी एक. बाबांचा फोन तू मला तीन आठवड्यांनी आणून दिलास. त्यातली कॉलची यादी कोरी होती. फोटो होते, मेसेज होते, हवामान होतं, फक्त कॉलची यादी पुसलेली. मी तेव्हा काही बोलले नाही. पण कुठेतरी पाणी मुरतंय एवढं समजायला मला तुझ्यासारखी डॉक्टरेट लागत नाही.

तर मला पुरावा हवा आहे. पहिल्याच दिवशी तू ग्रुपवर कौतुकाने लिहिलं होतंस की कॅम्पला कुंपण नाही, म्हणून पहारेकरी प्रत्येक माणसाचं येणं-जाणं वहीत लिहितो. त्या दिवशीचं पान मागव आणि मला पाठव. बघू या पहारेकरी काय म्हणतो.

वैजयंती

पिनर, २८ सप्टेंबर २०२५

अंशुमन,

पान आलं नाही, तनिषाचा फोन मात्र आला. स्वतः न बोलता लेकीला पुढे करायचं, हे तुला शोभत नाही.

पोरगी गोड आहे, तिच्यावर माझा राग नाही. आधी अभ्यासाचं, एडिनबराच्या थंडीचं झालं, आणि मग म्हणाली, "आत्या, बाबा खूप सॅड आहे. तू त्याला असा लेटर्स का लिहिते? धिस इज नॉट फेअर." मी म्हटलं, बाळा, तुला यातलं काय माहीत आहे? तर म्हणाली, "मला काही नाही माहीत. बाबा म्हणाला, आत्याला काही विचारायची नाही. फोनचा तर नेव्हर." मी लगेच विचारलं, कुठल्या फोनचं? तर लेक्चरला उशीर होतोय म्हणाली. रविवारी कसलं लेक्चर?

म्हणजे त्या पुसलेल्या यादीत काहीतरी होतं, आणि ते तुझ्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बाबांनी तुला फोन केले असणार. तू उचलले नसणार. सिंह बघत असशील. मग बाबा गेल्यावर त्यांच्या फोनवर स्वतःचं नाव बघवेना, म्हणून पुसलंस. बरोबर आहे ना? जीपमध्ये रेंज नव्हती, हे मला सांगू नकोस. रेंज नव्हती तर यादी पुसायची गरजच काय होती?

तू ग्रुपवर टाकलेले फोटो मी पुन्हा एकेक करून मोठे करून बघितले. बाबा तंबूपुढे टोपी घालून बसलेत तो फोटो तू 'सकाळ' म्हणून टाकला आहेस. खुर्चीची सावली खुर्चीच्या पायाशी गोळा झालेली आहे. ही सकाळ नव्हे. तू म्हणशील, तो फोटो आदल्या दिवशीचा. असेलही. पण आता तुझ्या कुठल्याही गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही, आणि ही तुझी कमाई आहे.

स्प्रेचंही लिहून टाकते, म्हणजे मनात राहायला नको. त्या संध्याकाळी, बाबा गेले हे सांगून झाल्यावर, तू मला पहिला प्रश्न काय विचारलास? "ताई, त्यांचा स्प्रे कुठे ठेवला होतास?" बाप गेल्याचं ऐकून दोन मिनिटं झाली नव्हती आणि तू माझी उलटतपासणी घेतलीस. छातीत दुखलं की जिभेखाली मारायचा स्प्रे, तो खिशात असायला हवा हे लहान मुलालाही कळतं. मी बॅग भरून दिली होती. सगळं जागच्या जागी होतं. पुढे बघणं तुझं काम होतं. त्यानंतर तू तो विषय कधी काढला नाहीस, आणि काढूही नकोस.

पान पाठव.

वैजयंती

पिनर, १२ ऑक्टोबर २०२५

अंशुमन,

पान मिळालं. सोबत एक ओळही लिहिली नाहीस. लिहिणार तरी काय म्हणा.

कॅम्पवाल्यांनी फोटो काढून पाठवला आणि तू तो छापून पाकिटात घातलास, एवढं दिसतंय. पहारेकऱ्याचं अक्षर सुंदर आहे, स्वाहिलीत आहे. मी फोनमधल्या भाषांतरावर एकेक ओळ धरली, दोनदा तपासली. त्यात जे आहे ते तुला वाचून दाखवते, म्हणजे नंतर 'मला भाषा येत नव्हती' असं म्हणायला जागा नको.

बारा वाजता दोन नंबरची गाडी निघाली, मुलगा गाडीत, म्हातारबाबा कॅम्पवर. दोन वाजून पाच: म्हातारबाबा तंबूत औषध शोधत आहेत, सापडत नाही. मी त्यांना धरून जेवणाच्या तंबूत आणलं, तिथे वायफाय आहे. त्यांनी घरी तीनदा फोन लावला, कोणी उचलला नाही. दोन पंचवीस: म्हातारबाबा पडले. दोन नंबरच्या गाडीला रेडिओवर सांगितलं. चार वाजता गाडी परत. साडेपाचला विमान.

तू म्हणालास सहाला निघालो. पहारेकरी म्हणतो बाराला. तू म्हणालास साडेआठच्या सुमारास निरोप आला. तो म्हणतो दोन पंचवीसला. तू म्हणालास दहाला पोचलो. तो म्हणतो चारला. प्रत्येक ठिकाणी सहा तासांचा फरक, मिनिटं मात्र जुळतात. शाळेत माझ्या हाती जी हुशार मुलं सापडायची ती अशीच सापडायची. खरा गोंधळलेला माणूस कुठे एक तास चुकतो, कुठे तीन. इतकं सारखं अंतर राखून चुकायला बसून विचार करावा लागतो. तुझे ते आठ तास कुठे गेले, हे आता मला कळलं. आठ नव्हतेच ते. बाबा दुपारी आजारी पडले, संध्याकाळी गेले आणि तू दोन तासांत मला फोन केलास. फक्त तू दुपारपर्यंत त्यांच्याजवळ होतास, त्यांना बरं नाही हे तुला दिसत होतं, आणि तरी बाराच्या उन्हात तू फिरायला गेलास. हे लपवायला तू सकाळ रचलीस.

आणि तो फोन. तिथले दोन पाच म्हणजे इथले बारा पाच. त्या दिवशी बारा वाजता माझ्या फोनवर काहीही आलेलं नाही, मी पुन्हा पुन्हा बघितलं. म्हणजे 'घरी' म्हणजे तुझ्या घरी. स्वराली एडिनबराला, तू जीपमध्ये, आणि केंब्रिजच्या रिकाम्या घरात फोन वाजत राहिला. हेच तू पुसलंस ना?

खरं सांगू का? हे वाचून मला रडू आलं, आणि मग गाढ झोप लागली. चौदा महिन्यांत अशी झोप लागली नव्हती.

सोबत एक कागद जोडला आहे. आमच्याकडे परीक्षेत गैरप्रकार झाला की विद्यार्थ्याकडून असा कागद लिहून घ्यायचे. मजकूर मीच लिहिला आहे: '२४ ऑगस्ट २०२४ रोजी वडिलांची प्रकृती ठीक नसताना मी त्यांना एकटं सोडून गेलो आणि नंतर बहिणीला खोट्या वेळा सांगितल्या.' खाली सही कर. मी तो कोणाला दाखवणार नाही, कुठे देणार नाही. मला फक्त तुझ्या हातचं हवं आहे. सही केलीस तर भाऊबीजेला ये, मी ओवाळीन. नाही केलीस तर तुला बहीण नाही असं समज आणि पुन्हा या दारात पाय ठेवू नकोस. हे रागाच्या भरात लिहिलेलं नाही. रागाच्या भरात लिहिलेली तीन पत्रं मी फाडली आहेत, हे चौथं आहे.

वैजयंती

पिनर, २५ ऑक्टोबर २०२५

अंशुमन,

परवा भाऊबीज झाली. सकाळपासून ताट मांडून ठेवलं होतं. तू आला नाहीस, टपालाने कागद आला.

सही आहे. तारीख आहे. मजकुरात एक अक्षर बदललेलं नाहीस. खाली फक्त एवढंच लिहिलं आहेस: 'ताई, याने तुला बरं वाटणार असेल तर ठीक आहे. भाऊबीजेला येणं मला जमणार नाही.'

मला बरं वाटायला हवं होतं. दोन दिवस तो कागद टेबलावर ठेवून मी बघते आहे आणि मला काही बरं वाटत नाही.

तू भांडला का नाहीस? लहानपणी आंब्याची एक फोड जास्त खाल्ल्याचा आळ आला तर तू दोन दिवस जेवला नव्हतास. शाळेत बाईंनी चुकून छडी मारली तर बाबांना घेऊन हेडमास्तरांच्या खोलीत गेला होतास. आणि बापाला मरायला सोडून गेलो असा कागद पुढे आल्यावर तू मुकाट्याने सही करतोस? एक प्रश्न नाही, एक खुलासा नाही?

परीक्षा विभागात मी एक गोष्ट शिकले. खरंच कॉपी केलेली मुलं शेवटपर्यंत वाद घालतात. जो पहिल्या झटक्यात सगळं कबूल करतो, तो कोणाला तरी पाठीशी घालत असतो. एकदा एका मुलीने अशीच सही केली होती, आणि मागाहून कळलं की चिठ्ठी तिच्या मैत्रिणीची होती.

तू कोणाला वाचवतो आहेस? स्वरालीला? तो फोन तिला आला होता आणि तिने उचलला नाही, असं काही आहे का? की ड्रायव्हरला? की त्या पहारेकऱ्यानेच काही कमीजास्त केलं? फोनमधल्या भाषांतरात काहीतरी निसटलं असणार. दोन घरं पलीकडे राहणाऱ्या मंजुलाबेन म्वांझाच्या आहेत, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला इथे आल्या. स्वाहिली त्यांना मातृभाषेसारखी येते. उद्या घड्याळं एक तास मागे घ्यायची आहेत, आणि ओव्हनचं घड्याळ बदलायला त्या दर वर्षी मला बोलावतात. पान सोबत नेते.

कोणाला का वाचवत असेनास, मी ते शोधून काढीन. आणि सापडलं की त्या माणसाला मी सोडणार नाही.

वैजयंती

पिनर, २६ ऑक्टोबर २०२५

अंशू,

मंजुलाबेनकडून येऊन मला दोन तास झाले. त्यांनी चहा ठेवला होता, तो मी घेतला नाही.

ओव्हनचं घड्याळ लावून दिलं आणि त्यांच्यापुढे पान ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. भाषांतर बरोबर होतं, म्हणाल्या, काही निसटलेलं नाही. मी वेळांवर बोट ठेवून म्हटलं, बघा ना, बाराच्या उन्हात हा बापाला टाकून गेला. त्या आधी हसल्या, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या.

"वैजयंतीबेन, आ तो सवारनी वात छे. बार एटले छ, ने बे एटले आठ."

मला कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. तिथे सूर्य बारा महिने सहाच्या सुमाराला उगवतो, म्हणून तिथली माणसं दिवसाचे तास उजाडल्यापासून मोजतात. आपल्या सकाळच्या सातला त्यांचा एक वाजतो, आठला दोन, नऊला तीन. सकाळचे सहा म्हणजे त्यांचे बारा. मंजुलाबेनच्या वडिलांचं म्वांझात कापडाचं दुकान होतं, ते रोज 'दोनला' उघडायचं, म्हणजे आपल्या आठला. प्रवाशांशी बोलताना ती माणसं आपलं घड्याळ वापरतात, पण पहारेकरी स्वतःच्या वहीत स्वतःच्याच वेळा लिहिणार ना, असं त्या म्हणाल्या. वर मला विचारलं, तुमच्या भावाला हे माहीत नव्हतं का?

तुला माहीत होतं. आठ दिवस तू त्यांच्यात राहिलास, तुला कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगितलं असणार. पान पाठवताना एक ओळ लिहिली असतीस, 'ताई, यातून सहा तास वजा कर,' तर मी त्याच क्षणी गप्प झाले असते. तू लिहिलं नाहीस. का लिहिलं नाहीस ते मला मंजुलाबेनच्या स्वयंपाकघरातच कळलं, ओव्हनला पाठ टेकून उभी असताना.

तू सहाला निघालास. साडेआठच्या आधी तुला निरोप मिळाला. दहाला पोचलास. तुझ्या सगळ्या वेळा खऱ्या आहेत. आणि वहीतले दोन पाच म्हणजे तिथले सकाळचे आठ पाच, इथले सहा पाच. बाबांनी तीनदा फोन लावला तो तुझ्या रिकाम्या घरात वाजला नाही. तो माझ्या उशाशी वाजला.

आता जे लिहिते ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

बाबांशी माझं बोलणं झालं नव्हतं. रानम्हशी, शिंगं, थकणं, काही नाही. ते सगळं मी त्या संध्याकाळी स्वरालीला सांगितलं, कारण तिने विचारलं, शेवटचं कधी बोललात? माझ्या तोंडून निघून गेलं, आज सकाळीच. मग तेच मी पुढे सगळ्यांना सांगत राहिले. रानम्हशींचा फोटो त्यांनी आदल्या दिवशी ग्रुपवर टाकला होता, त्यावरून मी पुढचं रचलं. शेवटी शेवटी मला त्यांचा आवाजसुद्धा ऐकू यायला लागला होता.

तुम्ही निघण्याआधी तीन दिवस मी बाबांशी बोलत नव्हते, तुला ठाऊक आहे. माझं न ऐकता जातात म्हणून धुमसत होते. बॅग मीच भरली, पण न बोलता. आई भरायची तशी भरली: बुटात मोजे, मोज्यात बारीकसारीक वस्तू, म्हणजे जागा वाचते आणि काही फुटत नाही. नवा स्प्रे मी काळ्या बुटाच्या मोज्यात घातला. रोजचा तर खिशात असतोच, असं समजले. तुम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी तो खिशातला स्प्रे मला किचनच्या खिडकीत दिसला. तेव्हाच मेसेज करायला हवा होता की नवा मोज्यात आहे. मी केला नाही. म्हटलं, स्वतःहून फोन करतील तेव्हा सांगू, तोवर त्यांनाही कळू दे की माझ्याशिवाय पान हलत नाही. चार दिवस त्यांनी फोन केला नाही. पाचव्या दिवशी केला.

बॅग परत आली तेव्हा मी पहिले बूट उघडले. स्प्रे मोज्यातच होता, सील न फोडलेला. तो माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे. तू विचारलंस, 'ताई, स्प्रे कुठे ठेवला होतास?' तेव्हा तू मला दोष देत नव्हतास, तुला खरोखर माहीत नव्हतं. मी उत्तर दिलं नाही, आणि पुन्हा कधी विचारू दिलं नाही. तुला दोष देणं सोपं होतं. बाबा सकाळी ठीक होते असं ठरलं की माझा न उचललेला फोन साधा सकाळचा फोन ठरत होता. पान वाचून मला झोप लागली ती म्हणून. तू दोषी ठरलास म्हणून नव्हे, मी सुटले म्हणून.

बाबांच्या फोनमधली यादी तू पुसलीस. त्यात माझं नाव होतं, तीनदा, आणि एकदाही बोलणं झालेलं नाही हे तिथे दिसत होतं. मी साऱ्या जगाला 'बाबा माझ्याशी बोलले' म्हणून सांगत फिरले आणि तू एकदाही मला खोटं पाडलं नाहीस. आठ तास तू मला का कळवलं नाहीस तेही आता समजतंय. मी ते एकटीने ऐकू नये म्हणून तू स्वराली एडिनबराहून इथे पोचेपर्यंत थांबलास. त्या बिचारीला मी वर्षभर कटात सामील धरलं. तिला मी वेगळं पत्र लिहिणार आहे. तनिषालाही सांगणार आहे, सोप्या शब्दांत. गुरुजींनाही.

तुझा सहीचा कागद सोबत परत पाठवते आहे. तो मी फाडू शकले असते, पण तो तूच फाडावास असं वाटतं. मी किती खालच्या पातळीला गेले होते हे तुझ्याकडे राहू दे किंवा जाळून टाक, तुझी मर्जी.

माफी मागू का, हे मला कळत नाही. मागितली तर तू लगेच देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मग सगळं झाकलं जाईल. ते मला नको आहे. तुला माझा राग यायला हवा. चौदा महिने तू गिळलेलं सगळं तू मला एकदा बोलून दाखव.

एक गोष्ट राहिली. तुला कदाचित वाटत असेल, ताई झोपेत होती, शनिवारची सकाळ होती, ऐकू आलं नसेल. म्हणूनच तू इतकं सांभाळून घेतलंस. मी जागी होते, अंशू. फोन हातात होता, त्यावर बाबांचं नाव होतं, आणि मी मनात म्हटलं, चार दिवस आठवण झाली नाही, आता वाजू दे. दुसऱ्यांदाही तेच म्हटलं. तिसऱ्या वेळी मी फोन कापला आणि चहा करायला उठले.

येत्या रविवारी मी दुपारच्या गाडीने केंब्रिजला येते आहे. दार स्वरालीला उघडायला लावू नकोस, तूच उघड. हे मला तुझ्या तोंडाकडे बघून एकदा सांगायचं आहे.

ताई